‘व्यूहरचना’ या संज्ञेविषयी

व्यवस्थापनशास्त्रात आल्फ्रेड चँडलर यांच्या ‘स्ट्रॅटेजी अँड स्ट्रक्चर’ (१९६२) या ग्रंथाचे स्थान मोठे आहे. स्फोटके बनविणारी ड्यू पाँ कंपनी पहिल्या महायुद्धानंतर रंगादी नव्या मालाकडे वळली. जुन्या कामवार खात्यांत हा व्याप मावेना, म्हणून १९२१ मध्ये तिने मालवार स्वायत्त विभाग पाडले. आधी स्ट्रॅटेजी, मागाहून रचना, हा चँडलर यांचा सिद्धांत अशा उदाहरणांवर उभा आहे.

मराठीत स्ट्रॅटेजीस ‘व्यूहरचना’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु व्यूह म्हणजेच सैन्याची मांडणी. तीत रचना आधीच आली. मग ‘रचना व्यूहरचनेमागून येते’ हे विधान पोकळ ठरते आणि विद्यार्थी ते पारखण्याऐवजी पाठ करतो.

कोल्हापुरात शिवाजी पेठेच्या तालमीतील पोरही पवित्रा आणि डाव यांत गल्लत करीत नाही: पवित्रा ही अंगाची ठेवण, डाव ही चीत करण्याची युक्ती. बोलीस अवगत असलेला भेद परिभाषेने पुसावा, हे उचित नव्हे.

प्रस्तुत लेखकास ‘धोरण’ हा शब्द ग्राह्य वाटतो. त्यावर ‘पॉलिसी’चाही भार आहे, हा आक्षेप खरा. तथापि एका शब्दाचे दोन अर्थ संदर्भाने निवडता येतात. लोपलेला भेद मात्र संदर्भाने परत येत नाही.