हौशी वादकाचा मान

‘हौशी’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो. एका अर्थाने तो गौरवाचा आहे : पैशासाठी नव्हे, तर आवडीपोटी कला जोपासणारा. दुसऱ्या अर्थाने तो सवलतीचा आहे : बिचारा हौसेने वाजवतो, फार बारकाईने ऐकू नये. आपल्या धर्मग्रामांत निवृत्तीनंतर पुन्हा सॅक्सोफोन हाती धरणाऱ्या वादकाच्या वाट्याला बहुधा हा दुसराच अर्थ येतो. सकाळची मिस्सा, वाडीतली झाडे, बाजारातली मासळी आणि नातवंडांचा अभ्यास यांतून जो तास उरतो, त्यात तो रीड ओली करून सूर लावत बसतो. सणाच्या दिवशी त्याला टाळ्या मिळतात. ऐकले मात्र क्वचितच जाते. या उपेक्षेचा विचार करताना शंभर वर्षांपूर्वीच्या एका हौशी वादिकेची कहाणी उपयोगी पडते.

सॅक्सोफोनचा जनक आदोल्फ साक्स १८१४ साली बेल्जियममधील दिनाँ गावी जन्मला. १८४६ साली पॅरिसमध्ये त्याने या वाद्याचे पेटंट घेतले. वाद्याचे शरीर पितळेचे, पण आवाज उमटतो तो बोरूच्या रीडमधून. म्हणून त्याची गणना काष्ठवाद्यांत होते. लष्करी बँडने त्याला लवकर जवळ केले, मोठ्या वाद्यवृंदाने मात्र दीर्घकाळ उंबऱ्याबाहेरच ठेवले. अशा वेळी बॉस्टनच्या एलिझ हॉल (१८५३–१९२४) या बाईंनी प्रौढ वयात हे वाद्य आपलेसे केले. श्रवणशक्ती मंदावू लागल्यामुळे त्यांना फुंकवाद्याचा सल्ला मिळाला, असे सांगितले जाते. त्या व्यावसायिक वादक नव्हत्या. परंतु आपल्या वाद्यासाठी चांगल्या रचनाच नाहीत हे ध्यानी येताच त्यांनी स्वतःच्या पैशाने फ्रान्समधील नामवंत संगीतकारांकडून त्या लिहवून घेतल्या.

त्यांतील दोन रचना शेजारी ठेवून ऐकाव्यात. १९०३ सालची व्हँसाँ दँदी यांची ‘कोराल व्हारिए’ संथ आणि गंभीर आहे. तीत बोटांच्या चपळाईचे प्रदर्शन नाही. भक्तिगीताच्या धाटणीची सुरावट दीर्घ श्वासाने पुढे सरकते आणि सॅक्सोफोन एखाद्या गायकासारखा तिच्यात मिसळतो. दँदी हे श्रद्धावान कॅथोलिक होते आणि ग्रेगोरियन गायनाच्या पुनरुज्जीवनासाठी झटणाऱ्या पॅरिसच्या ‘स्कोला कान्तोरुम’ या संस्थेचे एक संस्थापक होते. हौशी वादिकेचा वकूब ओळखूनही त्यांनी रचनेचा दर्जा उतरू दिला नाही. १९०४ साली एलिझबाईंनी ती पॅरिसमध्ये वाजवली.

दुसरी रचना क्लोद दब्युसी यांची ‘रॅप्सडी’. मानधन आधीच स्वीकारलेल्या दब्युसींनी काम वर्षानुवर्षे लांबवले आणि पत्रांतून या सॅक्सोफोनवाल्या बाईंची थट्टाही केली. वाद्यवृंदाचे लेखन अखेर रोझे-द्युकास यांनी पूर्ण केले. पहिला प्रयोग १९१९ साली, म्हणजे दब्युसींच्या मृत्यूनंतरच्या वर्षी झाला. रचनेत मोहक रंग आहेत. पण सॅक्सोफोन अनेकदा बाजूला थांबतो आणि वाद्यवृंदच बोलत राहतो. प्रतिभा दब्युसींची मोठी, यात शंका नाही. तरीही वादकाविषयीचा आदर दँदींच्या रचनेत अधिक जाणवतो, आणि माझ्या मते एकल वाद्याच्या रचनेत तो आदर हाही एक वाङ्मयीन नव्हे, तर सांगीतिक गुणच असतो.

योगायोग असा, की त्याच १९०३ साली पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी आज्ञापत्र काढले. ख्रिस्तमंदिरात बँडला त्यांनी मनाई केली. बिशपांच्या अनुमतीने मोजकीच फुंकवाद्ये चालतील, पण त्यांचे संगीत ऑर्गनला शोभेल असे गंभीर असावे, असा दंडक घातला. मंदिराबाहेरच्या मिरवणुकीत बँडला अनुमतीने वाव ठेवला, मात्र ऐहिक चालींना नाही. पुढे १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांना अधिक मोकळे दार दिले. पण उपासनेस साजेशी योग्यता ही अट कायम ठेवली. ही अट वाद्यापेक्षा वादनाची आहे. ती पेलायची तर कोणीतरी लक्षपूर्वक ऐकून बरेवाईट सांगायला हवे.

इथेच आपण कमी पडतो. आपल्या निवृत्त वादकाला आपण लग्नाच्या वरातीत धावत्या लयीची गाणी वाजवायला लावतो. साठी उलटलेला श्वास तिथे अपुरा पडला, की कौतुकाने पाठ थोपटतो. त्याच श्वासाला एखादे संथ मरियागीत दिले, गायकवृंदाबरोबर चार सराव दिले, कोणता सूर उतरला हे आपुलकीने सांगितले, तर वयाने मंदावलेली तीच फुंक प्रार्थनेचा ठहराव होऊ शकेल. थट्टा दब्युसींनी केली, ती उघड होती. न ऐकताच वाजवलेली टाळी ही तिचीच सभ्य बहीण आहे. हौशी वादकाला सवलत नको. त्याला त्याच्या श्वासाला साजेशी रचना आणि जागा कान हवा.