करसवलतीतील कुटुंब : वैद्यकीय खर्च व बालसंगोपनविषयक तरतुदींची चिकित्सा

बीजसंज्ञा : आयकर, करपूर्व लाभ, वैद्यकीय प्रतिपूर्ती, बालसंगोपन, पाळणाघर, कुटुंब-व्याख्या

प्रस्तावना

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास महाविद्यालयाच्या कार्यालयातून गुंतवणुकीचा व वजावटींचा तक्ता प्राध्यापकांच्या हाती येतो. विमा, भविष्य निर्वाह निधी, मुलांची शिक्षण फी, आरोग्य विम्याचा हप्ता असे रकाने त्यात असतात. आपण ते घाईघाईने भरतो, पावत्या जोडतो आणि तो विषय तिथेच संपतो. वास्तविक पाहता हा तक्ता एक संहिता आहे. नोकरदाराच्या घरात कोण राहते, त्यांच्यापैकी कोणाचे आजारपण खर्च म्हणून मान्य होते आणि मुलाचे कोणते वय व कोणती गरज राज्यसंस्थेला दिसते, याविषयीचे एक विधान त्यात दडलेले आहे. प्रस्तुत लेखात या विधानाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न आहे. सदर चिकित्सा करतज्ज्ञाची नाही. ती संहिता वाचणाऱ्याची आहे, हे प्रारंभीच नमूद केलेले बरे.

करपूर्व लाभ याचा अर्थ असा की, वेतनातील काही रक्कम कर आकारण्यापूर्वीच विशिष्ट कौटुंबिक खर्चासाठी वेगळी मानली जाते. अमेरिकेत यासाठी स्वतंत्र खातीच आहेत. आपल्याकडे तशी खाती नाहीत. मात्र प्रतिपूर्ती, भत्ते व वजावटी या मार्गांनी तेच तत्त्व दीर्घकाळ नांदले आणि गेल्या काही वर्षांत ते झपाट्याने आक्रसत गेले.

पंधरा हजारांची गोष्ट

आपल्याकडील करपूर्व वैद्यकीय लाभाचे सर्वांत शुद्ध रूप म्हणजे वैद्यकीय बिलांची प्रतिपूर्ती. आयकर कायदा, १९६१ च्या कलम १७ अन्वये मालकाने कर्मचाऱ्याच्या वा त्याच्या कुटुंबीयांच्या उपचाराचा खर्च परत दिला, तर वर्षाला १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम करपात्र धरली जात नसे. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून ही तरतूद वेतनरचनेचाच एक भाग बनली होती. मार्च महिना आला की औषधाच्या दुकानांतून बिले गोळा करण्याची धांदल उडे आणि ती सारीच बिले खऱ्या आजाराची असत, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

१ फेब्रुवारी २०१८ रोजी अर्थमंत्री अरुण जेटली यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पाने ही सवलत व वर्षाला १९,२०० रुपयांचा वाहतूक भत्ता या दोन्हींऐवजी ४०,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणली. दोन्ही जुन्या रकमांची बेरीज ३४,२०० होते. म्हणजे निव्वळ वाढ ५,८०० रुपयांची, आणि त्याच अर्थसंकल्पात उपकर तीन टक्क्यांवरून चार टक्के झाला. पुढे ही वजावट २०१९ मध्ये ५०,००० व नव्या करप्रणालीत २०२४ मध्ये ७५,००० झाली. निवृत्तिवेतनधारकांना तिचा खरा लाभ झाला, कारण त्यांना आधीच्या दोन्ही सवलती नव्हत्या. हे मान्य केलेच पाहिजे. खोट्या बिलांचा बाजारही थांबला. तथापि, या बदलात एक गोष्ट नाहीशी झाली, तिची चर्चा फारशी झाली नाही. पूर्वीच्या तरतुदीत आजारपण हा शब्द होता. प्रमाणित वजावट निरोगी व आजारी दोघांना सारखीच मिळते. ज्या घरात दम्याचे मूल आहे आणि ज्या घरात वर्षभरात क्रोसिनची एक पट्टीही लागली नाही, ती दोन्ही घरे आता करविवरणात एकसारखी दिसतात.

उरले ते कलम ८०-डी. स्वतः, जोडीदार व अवलंबून मुले यांच्या आरोग्य विम्यासाठी २५,००० रुपये, आई-वडिलांसाठी आणखी २५,००० आणि ते ज्येष्ठ नागरिक असल्यास ५०,००० अशी त्याची मांडणी. त्यातील मर्म असे की, सवलत मुख्यतः विम्याच्या हप्त्याला आहे, उपचाराला नाही. विमा नसलेल्या ज्येष्ठांचा प्रत्यक्ष उपचारखर्च तेवढा ग्राह्य धरला जातो, तोही रोखीने दिलेला नसेल तर. लहान मुलाच्या तापाचा, तपासण्यांचा, दर महिन्याच्या औषधांचा खर्च यात कोठेच बसत नाही. विमा बहुतांशी रुग्णालयात भरती झाल्यावर कामास येतो. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही (जी २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली) मूलतः भरती झालेल्या रुग्णासाठीच आहे. पिशोरसारख्या गावातून कन्नडला, सिल्लोडला किंवा छत्रपती संभाजीनगरला डॉक्टरकडे जाऊन-येऊन होणारा खर्च, त्यातील एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी, यांना कोणत्याच तक्त्यात रकाना नाही.

सासू-सासरे कोठे आहेत?

कुटुंब या शब्दाचा कायद्यातील अर्थ पाहिला असता अधिक गंभीर बाब लक्षात येते. वैद्यकीय प्रतिपूर्तीसाठी कुटुंबाची व्याख्या अशी होती : जोडीदार व मुले, आणि पूर्णतः वा मुख्यतः अवलंबून असलेले आई-वडील, भाऊ व बहिणी. कलम ८०-डी मध्ये भाऊ-बहिणी गळतात. आई-वडील मात्र अवलंबून नसले तरी चालतात. सासू-सासरे दोन्हींत नाहीत.

कागदावर ही व्याख्या स्त्री-पुरुष दोघांना समान आहे. पुरुषाचेही सासू-सासरे तिच्यात नाहीतच. परंतु मराठवाड्यातील घरात विवाहानंतर मुलगी सासरी जाते, मुलगा सासुरवाडीला जात नाही. नोकरदार सून ज्या वृद्धांबरोबर राहते, ज्यांच्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ असतात, त्यांच्या विम्याचा हप्ता तिने भरला तर तिला वजावट नाही. तिच्या पतीला करपात्र उत्पन्नच नसेल, तो शेती करीत असेल (शेती उत्पन्न तर करमुक्तच), तर ती सवलत त्या घरात कोणालाच मिळत नाही. अशी घरे आपल्या परिसरात शोधावी लागत नाहीत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या वैद्यकीय नियमांत महिला कर्मचाऱ्याला आई-वडील किंवा सासू-सासरे यांपैकी एका जोडीची निवड करण्याची मुभा आहे. म्हणजे शासनाच्या एका खात्याला जे नाते कळले, ते दुसऱ्याला कळलेले नाही.

यातील विसंगती येथेच संपत नाही. हाच आयकर कायदा हिंदू अविभक्त कुटुंबाला स्वतंत्र करदाता मानतो आणि त्याच्या कोणत्याही सदस्याच्या विम्याला सवलत देतो. एकत्र कुटुंब मालमत्तेचे धारक म्हणून कायद्याला परिचित आहे. एकमेकांची शुश्रूषा करणारे म्हणून नाही. आयकर कायदा, २०२५ (ज्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली) याने भाषा सोपी केली, सुमारे पाच लाख शब्दांची संहिता निम्म्यावर आणली, करवर्ष ही सुटसुटीत संज्ञा दिली. आरोग्य विम्याच्या वजावटीतील नात्यांची यादी मात्र त्याने वाढविली नाही.

शिशुवर्ग ग्राह्य, पाळणाघर अग्राह्य

बालसंगोपनाच्या बाबतीत तर संहितेचे मौन अधिक बोलके आहे. १९६१ च्या कायद्याखालील नियमांनुसार मुलांच्या शिक्षण भत्त्यापैकी दर मुलामागे महिना १०० रुपये आणि वसतिगृह भत्त्यापैकी ३०० रुपये करमुक्त होते, तेही दोन मुलांपर्यंत. हे आकडे दशकानुदशके हलले नाहीत. कलम ८०-सी खाली शिकवणी शुल्काची वजावट दीड लाखांच्या एकत्रित मर्यादेत मिळे. ‘पूर्णवेळ शिक्षण’ म्हणजे काय, याचा खुलासा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रकांतून केला असून, त्यात खेळवर्ग, पूर्वशिशुवर्ग व शिशुवर्ग यांचाही समावेश आहे.

याचा अर्थ असा की, अडीच वर्षांचे मूल रंगीत भिंतींच्या खेळवर्गात तीन तास बसले तर ते शिक्षण; तेच मूल आई परत येईपर्यंत आठ तास पाळणाघरात राहिले तर ते काहीच नाही. शिकविणे हा खर्च, सांभाळणे हा खर्च नव्हे. वास्तविक पाहता नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने पहिल्यावाचून एक-दोन वर्षे निभावतील, दुसऱ्यावाचून एक दिवसही निभावणार नाही. संभाजीनगरहून रोज ये-जा करणाऱ्या अध्यापिकेचे मूल आजीकडे असते किंवा शेजारच्या बाईंकडे. त्या बाईंना महिन्याला ठरलेली रक्कम दिली जाते, पावती मिळत नाही, आणि मिळाली तरी ती जोडण्यास जागा नाही.

अमेरिकेतील खाती : उलटे वर्गीकरण

या संदर्भात अमेरिकेची व्यवस्था तुलनेसाठी उपयुक्त ठरते. पुण्या-संभाजीनगरहून तिकडे गेलेल्या असंख्य मराठी कुटुंबांना नोकरीत रुजू होतानाच तिच्याविषयी निर्णय घ्यावा लागतो. तेथील महसूल संहितेचे कलम १२५ हे १९७८ मध्ये व आश्रितांच्या संगोपनासंबंधीचे कलम १२९ हे १९८१ मध्ये आले. कर्मचारी वर्षारंभी रक्कम जाहीर करतो, ती वेतनातून कर लागण्यापूर्वी कापली जाते आणि बिले दाखवून परत मिळते. संगोपनासाठीची ५,००० डॉलरची मर्यादा १९८६ च्या करसुधारणा कायद्याने घातली; २०२१ हे एक वर्ष वगळता ती २०२५ पर्यंत तशीच राहिली आणि २०२६ पासून ७,५०० डॉलर झाली. आपल्या १०० रुपयांसारखेच हे गोठणे. फक्त चलन वेगळे.

लक्षणीय बाब अशी की, तेथील वर्गीकरण आपल्या नेमके उलट आहे. तेरा वर्षांखालील मुलाचे पाळणाघर, शिशुवर्ग, दिवसभराचे उन्हाळी शिबिर ग्राह्य; परंतु किंडरगार्टनची व पुढील शाळेची फी अग्राह्य, कारण ते शिक्षण झाले. दोन्ही देशांनी एकाच बालकाच्या दिवसाचे दोन तुकडे केले आणि प्रत्येकाने वेगळा तुकडा उचलला.

तेथील व्यवस्थाही निर्दोष नाही. जोडीदार दोघेही कमावते, नोकरीच्या शोधात किंवा पूर्णवेळ विद्यार्थी असले पाहिजेत. त्यामुळे आश्रित व्हिसावर, कामाच्या परवान्याविना घरी बसलेली उच्चशिक्षित मराठी स्त्री या खात्यातून मुलाला पाळणाघरात घालू शकत नाही. गावाकडून सहा महिन्यांसाठी नातवंडे सांभाळायला गेलेल्या आजीला पर्यटक व्हिसावर मोबदला घेता येत नाही. तिचे कष्ट ना तिकडच्या खात्यात, ना इकडच्या. शिवाय वर्षअखेर न वापरलेली रक्कम सर्वसाधारणपणे बुडते, आणि ती किती लागेल हे आधी सांगावे लागते. आजारपण वर्षारंभी ठरवून येत नाही, हे विमा विकणाऱ्या देशाला सांगावे लागावे, याचे आश्चर्य वाटते.

सवलत कोणाला?

मूळ आक्षेप मात्र याहून वेगळा आहे. वजावटीचे मूल्य करदराबरोबर वाढते. जुन्या प्रणालीत शंभर रुपयांच्या खर्चावर वरच्या टप्प्यातील व्यक्तीचे तीस रुपये वाचत, खालच्या टप्प्यातील व्यक्तीचे पाच, आणि जिला करच नाही तिचा एकही रुपया वाचत नसे. तासिका तत्त्वावर शिकविणारा आपला सहकारी या शेवटच्या गटात मोडतो. त्याच स्टाफरूममध्ये बसून, त्याच वयाचे मूल वाढवून, त्याला तक्ता भरण्याचीही गरज पडत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कन्नड तालुक्यातील कुटुंबांविषयी तर या चौकटीत बोलताच येत नाही. तेथे पाळणाघराचे काम थोरली मुलगी करते आणि त्याची किंमत तिच्या शाळेतून वजा होते.

२०२३-२४ पासून नवी करप्रणाली मूळ पर्याय ठरली. तिच्यात वर उल्लेखिलेल्या ८०-सी, ८०-डी आदी वजावटी नाहीत. २०२५-२६ पासून पगारदारास पावणेतेरा लाखांपर्यंत करही नाही. त्यामुळे नव्याने रुजू होणाऱ्या सहायक प्राध्यापकासाठी हा सर्व वाद निरर्थक झाला, असे कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. सवलत गेली म्हणून गरज गेली नाही. हातात काही रक्कम अधिक आली, परंतु ती देऊन मूल ठेवावे असे ठिकाण पिशोरमध्ये निर्माण झाले नाही. अंगणवाडी आहे. तिचे तास थोडे आहेत आणि ती नोकरीच्या वेळेशी जुळविण्यासाठी स्थापनच झालेली नाही. २०२२ नंतर मिशन शक्तीअंतर्गत पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघराची कल्पना आली, ती योग्य दिशेची आहे.

२०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी टाकली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याचा हक्क दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही तरतूद आली असून, अनेक आस्थापनांनी साधने एकत्र करून सामाईक पाळणाघर चालविण्याची मुभाही तीत आहे. ग्रामीण महाविद्यालय पन्नासच्या आकड्यापर्यंत अनेकदा पोहोचत नाही. पण गावातील महाविद्यालय, माध्यमिक विद्यालय, जिल्हा परिषद शाळा, बँक व आरोग्य केंद्र यांतील नोकरदारांची एकत्रित संख्या त्यापलीकडे सहज जाते. एका वर्गखोलीचे भाडे, दोन प्रशिक्षित सेविका आणि पावतीपुस्तक एवढ्यावर त्याचा प्रारंभ होऊ शकतो. पुढील शैक्षणिक वर्षाच्या नियोजनाच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.