भिंती सजल्या, विमान राहून गेलं

गोजुबावीच्या माळावर छोटी सेसना विमानं घिरट्या घालताना दिसतात. बारामतीच्या विमानतळावर तिकीट काढून बसावं अशी रोजची प्रवासी सेवा नाही. इथे मुलंमुली विमान चालवायला शिकतात. आसपासच्या रानात खुरपणाऱ्यांना त्या घरघरीचं आता अप्रूपही राहिलेलं नाही. अशा ठिकाणाहून विमानतळावरच्या कलेची चर्चा सुरू करणं कुणाला चमत्कारिक वाटेल. पण या कलेत नेमकं काय राहून गेलंय, ते बारामती-इंदापूरच्या टापूतूनच नीट दिसतं.

आधी श्रेय द्यायला हवं ते मुंबईला. 2014 मध्ये टर्मिनल दोन सुरू झालं आणि कलासंयोजक राजीव सेठी यांच्या कल्पनेतलं ‘जय हे’ हे कलादालन लोकांसमोर आलं. तीन किलोमीटरहून लांब भिंत, त्यावर देशभरातल्या हजारो कलावस्तू. एका भागात जुन्या घरांचे दरवाजे, सज्जे, झरोके एकावर एक चढवलेत. उंबऱ्यापाशी स्वागत करायची आपली रीत तिथे चार मजली होऊन उभी राहते. सरकारी कचेरीतल्या धुळकट तसबिरींपुढे ही झेप फार मोठी आहे, यात शंकाच नाही.

तरी दोन गोष्टी खटकतात. सरकत्या पट्ट्यावरून जाताना पाटी वाचून होण्याआधीच कलाकृती मागे पडते. शिवाय तिकीट नसलेल्याला हे सहज पाहता येत नाही. आपल्याकडे एकाला सोडायला अख्खं घर येतं, आणि ते घर काचेबाहेरच थांबतं. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर 2002 पासून राइक्सम्युझियमची शाखा आहे, तीही सुरक्षा तपासणीच्या पलीकडेच. सॅन फ्रान्सिस्कोने मात्र विमानवाहतुकीचं संग्रहालय आणि ग्रंथालय तपासणीच्या अलीकडे ठेवलंय. कुणीही यावं, फुकट पाहावं.

विमानवाहतुकीचं संग्रहालय! आपल्याकडे घोडं अडतं ते इथेच. ‘जय हे’चा भर कला आणि हस्तकलेवर. कोल्हापूरच्या 2024 मधल्या नव्या टर्मिनलवर मराठा वास्तूची छाप आहे. सगळं देखणं, पण विमानतळावर विमानाचीच गोष्ट शोधावी लागते. जुहूचं मैदान 1928 चं. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानाने तिथेच उतरले. त्याच टपालसेवेतून वाढलेल्या एअर इंडियाने तर पुढे बी. प्रभा, गायतोंडे, हुसेन यांची चित्रं जमवली. चित्रकार आणि विमान कंपनी यांचं इतकं जवळचं नातं आपल्या देशात क्वचितच जुळलं असेल.

इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर या गोष्टीत येतं, ते साखरेपलीकडे. हे गाव वसवणाऱ्या वालचंद हिराचंद यांची 1939 मध्ये पॅसिफिकवरच्या विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकी विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली. त्या बोलण्यातून विमान कारखान्याचा बेत पुढे सरकला. डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली, पुढच्याच वर्षी हार्लो हे प्रशिक्षण विमान तिथे तयार होऊन उडालं. युद्धाच्या धामधुमीत 1942 मध्ये सरकारने कंपनीचा ताबा घेतला. आजचं ‘एचएएल’ ते हेच. बंगळूरला ‘एचएएल’चं संग्रहालय आहे; वालचंदांच्या उसाच्या मुलखात, जिथे शिकाऊ वैमानिक हवेत झेपावतात, तिथे हे सांगायला कुणाला सुचलेलं नाही. वालचंदनगरच्या कारखान्यात पुढे ‘इस्रो’च्या रॉकेट मोटरची आवरणं घडली, हेही त्याच कथेचं पुढचं पान.

ही गोष्ट सांगण्यासाठी सेठींसारखा मोठा घाट घालायची गरज नाही, आणि परवडणारही नाही. बारामतीत प्रवेशद्वाराच्या अलीकडे एक दालन पुरे: हार्लोची प्रतिकृती, वालचंदनगरच्या यंत्रशाळेची छायाचित्रं, रॉकेटच्या आवरणाचा एखादा कापलेला तुकडा. चित्रं हवीतच असतील तर भिगवणच्या रोहित पक्ष्यांची ठराविक गुलाबी रांग टाळावी. उजनी धरणाचं पाणी ओसरलं की उघडं पडणारं पळसदेवचं देऊळ हवेतून कसं दिसतं, ते इथल्याच कुणा चित्रकाराला विमानात बसवून काढायला सांगावं. आणि पाट्या मराठीत असाव्यात, सहलीला आलेल्या सहावीच्या पोराला उभ्या उभ्या वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत.