हिब्रू म्-व्-त् धातू आणि बांतू ‘साम्ये’

हिब्रू आणि बांतू भाषांत शब्दसाम्ये शोधणाऱ्यांना म्-व्-त् (मरणे) हा धातू विशेष मोहात पाडतो. हिब्रूत ‘मेत’ म्हणजे मेला. स्वाहिलीत ‘माउती’ म्हणजे मृत्यू, ‘माइती’ म्हणजे प्रेत आणि ‘म्तू’ म्हणजे माणूस. माणूस तो मर्त्यच, असे म्हणून हे शब्द एका माळेत ओवले की नाते सिद्ध झाल्याचा भास होतो.

यांपैकी पहिल्या दोन शब्दांचा उलगडा सोपा आहे. ते अरबीतून आलेले उसने शब्द होत. अरबी ‘मय्यित’ हाच शब्द फार्सीमार्गे मराठीत ‘मयत’ झाला. तेवढ्यावरून मराठीस कोणी सेमिटिक ठरवीत नाही. ‘मरणे’ या अर्थी स्वाहिलीचा स्वतःचा धातू ‘-फा’ हा आहे व किकुयूत त्याचे प्रतिरूप ‘-कुआ’ असे आहे. फ-कारास क-काराचा हा प्रतिसाद एकाकी नाही. तेलास स्वाहिलीत ‘माफुता’, तर किकुयूत ‘मागुता’ म्हणतात. येथील ग हा पुढील त-कारामुळे पालटलेला क-च होय. अशाच नियमित ध्वनिसंवादांवर माइनहोफने १८९९ मध्ये मूळ बांतूच्या पुनर्रचनेचा पाया घातला. या धातूचे पुनर्रचित रूप ‘-कु-’ असे येते. त्यात म् नाही व त्-ही नाही.

‘म्तू’चे प्रकरण अधिक उद्बोधक आहे. त्याचे अनेकवचन ‘वातू’. म्हणजे म्- हा केवळ मनुष्यवर्गाचा उपसर्ग होय. झुलूतील ‘उमुन्तू’, ‘अबान्तू’ ही रूपे पाहता मूळ अंग ‘-न्तू’ हे स्पष्ट होते. ज्या शब्दावरून भाषाकुलाचे नाव पडले, त्याच्याच उपसर्गास धातूचा आद्यवर्ण समजणे हा लहानसा प्रमाद नव्हे. (स्वाहिली भाषकांनी याच्या नेमके उलट केले आहे. अरबी ‘किताब’चा ‘कितांबू’ न होता ‘किताबू’ झाला, आणि त्यातील ‘कि’ हा उपसर्ग मानून त्यांनी ‘विताबू’ हे अनेकवचन साधले!)

मूळ दोष मात्र पद्धतीत आहे. सेमिटिक धातू व्यंजनांचा असतो, स्वर व्याकरणाने येतात. बांतू धातूत स्वर आणि सूर हे धातूचेच घटक होत. स्वर गाळून तुलना केली की हाती दोनच व्यंजने उरतात, आणि मग संस्कृत ‘मृत’ही ‘मेत’शी जुळतो; वस्तुतः त्यातील त हा प्रत्यय आहे आणि धातूचा ऋ-कार तुलनेत हरवलेला असतो.

असल्या याद्यांना ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. बांतू भाषांच्या घडणीत माइनहोफसही हामितिक मिश्रण दिसत होते. ग्रीनबर्गने १९६३ च्या वर्गीकरणात हामितिक हा स्वतंत्र गटच अमान्य केला. हिब्रूस आफ्रो-आशियाई कुलात आणि बांतूस नायजर-काँगो कुलात स्थान दिले. ‘माउती’, ‘माइती’ या शब्दांचा अभ्यास करावयाचा तो स्वाहिलीतील अरबी शब्दांच्या स्तराचा भाग म्हणून.