वीस अक्षरं म्हणजे नेमकी किती? एका टेक्स्टबॉक्सची समीक्षा

संशोधनाच्या तयारीत आपण पेपरची चिरफाड करायला शिकतो. नमुना केवढा, पद्धत कोणती, निष्कर्ष पुराव्याला धरून आहे का, सगळं विचारतो. पण डेटा ज्या खिडकीतून आत येतो, त्या खिडकीची समीक्षा फारसं कुणी करत नाही. आज ती करूया. विषय अगदी छोटा आहे: एका ओळीचा टेक्स्टबॉक्स. क्यूटीमध्ये त्याला क्यूलाइनएडिट म्हणतात, पायथनच्या टीकिंटरमध्ये एन्ट्री. सर्वेक्षणाचा फॉर्म असो की लॅबमधली नमुन्यांची नोंद, प्रोजेक्टमध्ये नाव-गाव-पत्ता भरायला बहुतेक वेळा हाच बॉक्स असतो.

हा बॉक्स तीन कामं करतो. मजकुराची लांबी मोजतो, मजकूर चालेल की नाही ते पारखतो, आणि चुकलेलं खोडू देतो. माझं म्हणणं असं की मराठीच्या बाबतीत तिसरं काम तो बरं करतो आणि पहिल्या दोन कामांत गुपचूप फसवतो. कारण एकच: मोजताना आणि पारखताना 'अक्षर' म्हणजे काय, हे तो सांगतच नाही.

मोजणं

आमच्या माजिवड्यापासूनच सुरुवात करू. 'माजिवडा' या शब्दात अक्षरं किती? शाळेत वृत्त शिकलेला कुणीही सांगेल, चार: मा, जि, व, डा. पायथनला विचारा, सात म्हणेल. कारण युनिकोडमध्ये काना आणि वेलांटी यांना स्वतंत्र क्रमांक आहेत आणि पायथन तेच क्रमांक मोजतो. स्विफ्ट ही भाषा चार म्हणेल. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवली तर बाइट होतात २१. चारही उत्तरं बरोबर आहेत, फक्त मोजमापाची एककं वेगळी आहेत.

आता क्यूलाइनएडिटला मॅक्सलेंग्थ २० द्या आणि 'माजिवडा, घोडबंदर रस्ता' हा पत्ता टाका. वाचणाऱ्याच्या हिशेबाने अक्षरं, स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा धरून हे १४ होतात. म्हणजे वीसमध्ये आरामात बसायला हवं. बॉक्सच्या हिशेबाने मात्र ते २२ आहेत. विसावी खूण 'स'चा पाय मोडणारी आहे, आणि बॉक्स तिथेच कापतो. हाती उरतं 'माजिवडा, घोडबंदर रस्'. शेवटचं अक्षर पाय मोडून लटकलेलं.

'मराठीला जागा जास्त लागते, म्हणून असं होतं' हे स्पष्टीकरण आपण सहज स्वीकारतो. ते तपासून बघा. माजिवडा रोमन लिपीत लिहिलं तर आठ अक्षरं होतात, देवनागरीत युनिकोडच्या सात खुणा. म्हणजे या मापाने मराठी लांब नाहीच. जागा जास्त लागते ती बाइटच्या मापाने. वरचा पत्ता ६० बाइटचा होतो, आणि ओरॅकलचा व्हारचार२ हा प्रकार मूळ सेटिंगमध्ये बाइटच मोजतो. थोडक्यात, खरा दोष लांबीचा नाही. कुठे कापायचं हे बॉक्सला कळत नाही, हा दोष आहे. रोमनमध्ये कुठेही कापलं तरी पूर्ण अक्षर उरतं. देवनागरीत अक्षराच्या मधोमध सुरी चालते.

पारखणं

इथे प्रकरण जास्त गंभीर आहे. नावाच्या रकान्यात आकडे नकोत म्हणून अनेकजण टीकिंटरच्या एन्ट्रीला प्रत्येक कळीवर चालणारी तपासणी लावतात आणि आत पायथनचं इझअल्फा वापरतात, म्हणजे 'सगळी अक्षरंच आहेत ना?' असं विचारतात. पण युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण ही 'अक्षरं' नाहीत. त्यांचा वर्ग 'चिन्हं' हा आहे. त्यामुळे इनस्क्रिप्ट कीबोर्डवर एकेक कळ दाबत 'कल्याण' लिहिलं, तर क आणि ल आत जातात, पाय मोडायची कळ नाकारली जाते, य जातो, काना नाकारला जातो, ण जातो. बॉक्समध्ये उरतं 'कलयण'.

क्यूलाइनएडिटच्या इनपुटमास्कमध्ये 'ए' म्हणजे 'इथे अक्षरच हवं'. तिथेही हाच निकाल लागतो, कारण तिथली अक्षराची व्याख्याही तीच आहे.

मराठी पूर्णपणे नाकारणारा बॉक्स परवडला. त्यात काहीच टाइप होत नाही, माणूस तक्रार करतो, दुरुस्ती होते. अर्धवट स्वीकारणारा बॉक्स घातक, कारण तो चूक डेटा तयार करतो आणि गप्प बसतो. गप्प म्हणजे खरंच गप्प. टीकिंटरमध्ये नकार मिळाल्यावर काय करायचं ही जागा मुळात रिकामी असते, घंटा हवी तर आपण लावायची. क्यूटीने ५.१२ पासून 'इनपुट नाकारलं' असा सिग्नल दिला आहे आणि तो चांगला आहे, पण तो ऐकायचा की नाही हे प्रोग्रॅमरवर सोडलंय. घाईघाईत फॉर्म भरणारी व्यक्ती कीबोर्डकडे बघत असते, पडद्याकडे नाही. शंभर फॉर्मनंतर 'कलयण' आणि 'कल्याण' ही तुमच्या विश्लेषणात दोन वेगळी गावं झालेली असतात.

आणखी एक मासला खास मराठीचा. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. दऱ्यामधला तो र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दोन, साध्या र चा पाय मोडून पुढे शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक ठेवायचा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. आता कुणी 'न दिसणारी चिन्हं काढून टाका' अशी सफाई लावली की दुसऱ्या प्रकारातला जोडक जातो आणि दऱ्यांचा दर्या होतो. कुऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाडे ही आडनावं असलेल्यांना हा अनुभव नवा नसावा.

खोडणं

आता श्रेय द्यायची जागा. क्यूलाइनएडिटमध्ये 'जि'नंतर कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबा, फक्त वेलांटी जाते आणि ज राहतो. 'जि'च्या आधी कर्सर ठेवून डिलीट दाबा, पूर्ण जि जातो. पहिल्यांदा बघताना हा बग वाटतो, पण तो शहाणपणा आहे. टाइप करताना नुकती चुकलेली वेलांटी सुधारायची असते, पूर्ण अक्षर पुन्हा लिहायचं नसतं. पुढचं खोडताना मात्र वेलांटी अनाथ ठेवून ज काढण्यात अर्थ नाही. म्हणजे अक्षराच्या सीमा या बॉक्सला माहीत आहेत! मग मॅक्सलेंग्थ लावताना त्या का विसरतो? माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

दोष कुणाचा?

'परक्यांनी बनवलं, आपल्या लिपीचा विचार केला नाही' हे उत्तर सोपं आहे, पण पूर्ण खरं नाही. व्यंजन, पाय मोडण्याची खूण, पुन्हा व्यंजन अशी जोडाक्षरं साठवायची पद्धत भारतीय मानक इस्कीमध्ये होती, आणि युनिकोडने देवनागरी १९८८ च्या इस्कीवरून घेतली. साठवणुकीसाठी ही पद्धत उत्तम आहे. थोड्या खुणांत हजारो जोडाक्षरं होतात. गडबड साठवणुकीचं एकक वाचकाच्या एककाच्या जागी वापरल्यामुळे होते.

'मग वाचकाची अक्षरं मोजू' हा उपायही निर्धोक नाही. युनिकोडच्या नियमांप्रमाणे 'कल्याण'चे आधी चार तुकडे पडायचे: क, ल्, या, ण. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आला आणि तीन झाले: क, ल्या, ण. अभंगाच्या चरणात सहा अक्षरं मोजणाऱ्याने हे तीनच धरले असते. पण तुमच्या लायब्ररीची आवृत्ती बदलली की तुमची मोजणी बदलते, हे लक्षात ठेवा.

मग करायचं काय?

नाव आणि पत्त्याच्या रकान्याला तंग मर्यादा लावूच नका. मर्यादा डेटाबेसमुळे असेल तर डेटाबेसच्याच एककात, साठवताना तपासा, आणि कापू नका, माणसाला सांगा. प्रत्येक कळीवर पारख करू नका, रकाना भरून झाल्यावर करा. अक्षरांबरोबर चिन्हांचा वर्ग आणि तो अदृश्य जोडकही चालू द्या. ऱ ची दोन रूपं साठवण्याआधी एका रूपात आणा. आणि फॉर्म बाहेर काढण्याआधी माजिवडा, कल्याण, दोन्ही प्रकारचं कुऱ्हाडे, आणि देवनागरी आकड्यांतला ४००६०१ हा पिनकोड टाकून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रबंधाच्या पद्धती प्रकरणात 'नावाची कमाल लांबी २० अक्षरे' असं लिहिलेलं दिसलं, तर शेजारी पेन्सिलने एवढंच लिहा: कोणती अक्षरे? तापमान लिहून सेल्सिअस की फॅरनहाइट हे न सांगणाऱ्याला आपण परत पाठवतो. मजकुराच्या लांबीलाही तोच नियम लावायला हवा.