अस्तंब्याची जखम आणि आपली कथा

धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याचे यात्रेकरू जथ्थ्याजथ्थ्यांनी तळोद्याहून सातपुड्याची वाट धरतात. अक्राणी तालुक्यातील त्या उंच शिखरावर अश्वत्थाम्याचा वास आहे, अशी या भागाची श्रद्धा. निजलेल्या कोवळ्या मुलांची त्याने हत्या केली, म्हणून त्याच्या कपाळीचा मणी काढून घेतला गेला आणि मरणही त्याला नाकारले गेले. लोक सांगतात, की तो अजून या डोंगरात भटकतो, जखमेवर घालायला तेल मागतो. आणि वाट चुकलेल्या यात्रेकरूला वाटही दाखवितो.

मारणारा आणि वाट दाखविणारा एकच! पापाचा विसर पडू न देता पाप्याला माणसांच्या उपयोगी ठेवणारी ही कल्पना कोण्या पंडिताची नव्हे, चालणाऱ्या लोकांची आहे. इतके मोठे कथाबीज हाताशी असताना आजचा कथाकार त्याचे काय करतो, हा प्रश्न आम्हांस येथे विचारावासा वाटतो.

सणावारांच्या कथा आम्ही आवडीने वाचतो. त्यांत दोन दोष वारंवार आढळतात. पहिल्या प्रकारात सण हा दिनदर्शिकेवरील चित्रासारखा येतो. सातपुड्यातील होळी आली, की उंच बांबूचा दांडा, ढोल, कमरेचे घुंगरू, मोरपिसांचे टोप यांची यादी होते, एक प्रेमी जोडपे नाचते आणि लेखक पुढे निघतो. दुसऱ्या प्रकारात सण आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो. भगत लबाड, नवस खुळा, आणि अखेरच्या परिच्छेदात शिकलेला नायक सर्वांना शहाणे करतो. पहिला लेखक पाहुणा म्हणून येतो, दुसरा न्यायाधीश म्हणून. घरचे माणूस कोणीच नसते.

पाहुण्याच्या नजरेने काय अनर्थ होतो, याचे उदाहरण म्हणजे भोंगऱ्या. होळीच्या आधीचा हा बाजार मुख्यतः होळीच्या खरेदीचा: गूळ, डाळ्या, साखरेचे हारकंगण. पण बाहेरच्यांनी तो मुलीला पळवून नेण्याचा मेळावा म्हणून रंगविला. आदिवासी समाजातून या चित्रणाला वारंवार हरकत घेतली गेली आहे, आणि ती योग्यच आहे. एका आठवडेबाजारावर कादंबरीकारांनी आणि पत्रकारांनी मिळून जो शृंगार लादला, तो पुसावयास त्या समाजाला पिढ्या लागतील.

मग चाल कथेत यावी तरी कशी? गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ (१९६५) येथे मार्गदर्शक ठरावी. भगताचा मुलगा नाग्या हा ढोल वाजविणारा ठाकर. पुण्यवंत होण्याची त्याला आस. लिंगोबाच्या डोंगरावरील राणीमाशी त्याचा डोळा घेते आणि त्याच्या मनात विचार उठतो: आपण काही पाप केले नसता ही शिक्षा का? तो पोळी उतरविण्याचा पण करतो, आणि त्या विजयाची किंमत चिंधीच्या प्राणांनी मोजतो. यातील श्रद्धा काढून टाका. कथाच उरत नाही. राणीमाशी देवाची नसेल, तर नाग्याचे धाडस केवळ मध काढण्याचे काम ठरेल. आमची कसोटी हीच आहे: चाल वगळली तरी कथा तशीच उभी राहत असेल, तर ती चाल नव्हती, तोरण होते.

तरीही दांडेकर बाहेरचेच, हे विसरता येत नाही. १९८७ साली ‘गोधड’ हा वाहरू सोनवणे यांचा कवितासंग्रह आला. या भिल्ल कवीची ‘स्टेज’ ही कविता प्रसिद्ध आहे. आपले दुःख दुसऱ्यांनी मंचावरून आपल्यालाच सांगावे, हा त्या कवितेतील सल प्रत्येक सहृदय लेखकाने स्वतःला लावून पाहावा. मावची समाजातील नजूबाई गावित यांच्या ‘तृष्णा’ (१९९५) या आत्मचरित्रात्मक कादंबरीने तेच जगणे आतून सांगितले. भूक आणि मजुरी यांच्यापासून सण वेगळा काढता येत नाही, हे अशा लेखनापासून शिकावे.

कारण ऋतूही आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. नंदुरबार जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. त्यांच्यासाठी होळी म्हणजे केवळ वसंताचे आगमन नव्हे. उचल फिटली की नाही, मुकादम सोडील की नाही, याचा तो दिवस असतो. दांडा उभारताना कोणाचे हात कमी पडले, हे सांगणारी कथा आम्हांस हवी आहे.

आता आपल्याकडे वळू. मराठी ख्रिस्ती गद्याला चालीरीतींची चिकित्सा नवी नाही. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’ने (१८५७) विधवांच्या दुःखाला वाचा फोडली. ते काम थोर होते. पण त्याचा वारसा म्हणून प्रत्येक चालीवर खटला भरण्याची सवय आपल्या लेखणीस जडली. वस्तुतः आपल्या घरचे सण काय सांगतात? गोव्यात कणसांच्या फेस्ताला नवे कणीस वेदीपाशी येते. मुंबईचे ईस्ट इंडियन ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतात. सातपुड्यात नवाई झाल्यावाचून नवे धान्य तोंडी लावीत नाहीत. पहिला घास आपला नव्हे, ही जाणीव तिन्ही ठिकाणी एकच आहे.

आणि म्हणूनच जी कथा आपण लिहिली पाहिजे, ती आपण टाळतो. बाप्तिस्मा घेतलेल्या घरातील मुलगा होळीच्या रात्री ढोल ऐकतो. त्याचा चुलता तेथे नवस फेडण्यासाठी नाचणार असतो. मुलगा जाईल का? गेला तर रविवारी मिस्साला कोणत्या मनाने उभा राहील? न गेला तर चुलत्याच्या अंत्ययात्रेत कोणत्या जागी चालेल? या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरवून लिहिणारा प्रवचन लिहितो. ज्याला उत्तर ठाऊक नाही, आणि जो त्या मुलावर व चुलत्यावर सारखेच प्रेम करतो, तोच कथा लिहील. धर्मग्रामातील वाचक रागावतील, ही भीती आम्ही समजू शकतो. परंतु उत्पत्तीच्या पुस्तकातही भाऊ मारणाऱ्या काइनाला देव भटकावयास लावतो आणि त्याला कोणी ठार करू नये म्हणून त्याच्यावर खूणही करतो. जे वाचक ही कथा लहानपणापासून ऐकत आले, त्यांना अस्तंब्याचा भटका परका का वाटावा?

अश्वत्थामा कोणाकडेही सिंहासन मागत नाही. जखमेपुरते तेल मागतो. लोककथाही लेखकाकडे फार मागत नाही. तिला सजवू नये, तिच्यावर निकाल देऊ नये. तिची जखम पाहावी आणि तिच्या वाटेने थोडे चालावे. तळोद्याहून ती वाट दरवर्षी सुरू होते.