विंचवाचं बिऱ्हाड : प्रवासवर्णनात लेकरं कुठं बसतात?

आज एका म्हणीपासून सुरुवात करू. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.' ही म्हण आपण कुणाला लावतो? बदलीच्या नोकरीवाल्याला, दर अकरा महिन्यांनी भाड्याचं घर बदलणाऱ्याला. थोडं हसून, थोडी कीव करून. पण विंचवाच्या पाठीवर खरोखर असतं काय? नांगी तर शेपटीला असते. पाठीवर असतात पिल्लं. विंचवाची मादी नुकती जन्मलेली पिल्लं पाठीवर घेऊन हिंडते, त्यांची पहिली कात पडेपर्यंत. म्हण ज्यानं केली त्यानं हे पाहिलं असावं. बिऱ्हाड म्हणजे भांडीकुंडी नव्हेत, लेकरं.

आमची तक्रार एवढीच आहे की मराठी समीक्षेनं बिऱ्हाड पाहिलं आणि पिल्लं मात्र पाहिली नाहीत.

हे आत्ता बोलायचं कारण सांगतो. तुमच्यापैकी बरेचजण ऑस्ट्रेलियातल्या कुटुंबांचे कॅराव्हॅन प्रवास बघता, वाचता. लाल माती, मैलोन्‌मैल माणूस नाही, मोटारीमागं जोडलेलं चाकांचं घर आणि त्यात दोन-तीन लहान मुलं. या प्रवासांना तिकडं 'आउटबॅक'ची सफर म्हणतात. वाचायला हे लेखन चांगलं असतं, आम्ही नाक मुरडत नाही. का चांगलं असतं? कारण त्यात हिशेब असतो. पाणी किती भरलं, पुढचा पंप किती लांब, मूल कुठं रडलं, रात्री थंडी किती पडली. मूल बरोबर असलं की लिहिणाऱ्याला वर्णनाच्या हवेत तरंगता येत नाही. सूर्यास्त कितीही सुंदर असो, धाकट्याला शी लागलेली असते.

आता हीच मोजपट्टी घेऊन आपल्या खानदेशात या. पावसाळा सरला की साक्रीकडून ठेलारी आणि धनगर मेंढपाळांचे वाडे निघतात. 'वाडा' हा शब्द बघा. धुळ्याच्या गल्लीत वाडा म्हणजे दगडी जोत्याचं, दिंडीदरवाज्याचं घर. मेंढपाळाच्या तोंडी वाडा म्हणजे चालतं घर, रोज उठणारं आणि रोज बसणारं. घोड्यांवर सामान, सामानावर कोंबड्या, नुकतंच जन्मलेलं कोकरू आणि त्याच्याच शेजारी बांधलेलं तान्हं मूल. पुरुष मेंढरं घेऊन चराईच्या वाटेनं जातात. बायका घोडी आणि लेकरं घेऊन वेगळ्या वाटेनं मुक्कामाला जाऊन चूल मांडतात. रात्री मेंढरं कुणाच्या तरी शेतात बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, सकाळी पुन्हा वाडा उचलायचा.

दुसरीकडं चाळीसगाव, पारोळ्याकडच्या तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गाड्या निघतात. 'तांडा' हा तर कॅराव्हॅनला आपल्याकडचा जुना, चोख शब्द. लमाण बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडत. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली, पुढं वाढत गेली आणि हा धंदा मोडला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं भटकणं हाच संशय ठरवला. तांडा जमिनीवर टेकला, नाव तेवढं चालतं राहिलं. आणि आता तोच टेकलेला तांडा दर वर्षी पाच-सहा महिने पुन्हा रस्त्यावर असतो, बायकापोरांसकट.

२०२१ साली महाराष्ट्र शासनानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडी कुठं उभी करायची, पाणी-वीज कुठं मिळेल, याचा त्यात विचार आहे. चांगली गोष्ट आहे. ठेलाऱ्याच्या वाड्याला मात्र आज रात्री कुठं उभं राहायचं हे रोज नव्यानं विचारावं लागतं, कधी वनरक्षकाला, कधी शेतकऱ्याला. एकाच जिल्ह्यातून जाणारी ही दोन चाकांवरची, चार पायांवरची घरं. एकाच्या प्रवासाला आपण पर्यटन म्हणतो, दुसऱ्याच्या प्रवासाला स्थलांतर. पहिल्यावरचं पुस्तक ग्रंथालयात 'प्रवासवर्णन' या फळीवर जातं, दुसऱ्यावरचं समाजशास्त्राच्या नाही तर आत्मकथनांच्या. आणि एकदा फळी ठरली की वाचायची रीतही ठरते.

दोन चित्रपट शेजारी ठेवून बघू. पहिला 'द संडाउनर्स', १९६०, दिग्दर्शक फ्रेड झिनमन, मूळ कादंबरी जॉन क्लिअरीची. १९२० च्या दशकातला ऑस्ट्रेलिया. पॅडी कार्मडी, त्याची बायको आयडा आणि वयात येणारा मुलगा शॉन, हे तिघं घोडागाडीत घर घेऊन फिरतात, दुसऱ्याची मेंढरं हाकतात. म्हणजे साक्रीचा वाडाच की हो! पॅडीला थांबायचं नाही. आयडाला आणि शॉनला शेत हवंय, म्हणून ती बरणीत पैसे साठवते. पॅडी ते जुगारात घालवतो. दुसरा आपला 'ख्वाडा', भाऊराव कऱ्हाडे यांचा, २०१५ साली प्रदर्शित झालेला, त्याआधीच राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष ज्युरी पुरस्कार मिळालेला. इथं फिरस्तीला बापच कंटाळलाय. वनखात्याकडं गेलेली आपली जमीन परत मिळावी म्हणून रघू झगडतोय.

फरक कुठं आहे बघा. पॅडीची भटकंती ही त्याची आवड आहे, म्हणून चित्रपटाला नवरा-बायकोच्या भांडणावर उभं राहता येतं. रघूची भटकंती लादलेली आहे, म्हणून 'ख्वाडा' गावच्या सत्तेशी होणाऱ्या झगड्यावर उभा राहतो. राजकीयदृष्ट्या 'ख्वाडा' जास्त खरा आहे, यात आम्हाला शंका नाही. कॅमेऱ्याला धूळ लागलेली दिसते, भाषा कुणी धुऊन आणलेली नाही. पण एका बाबतीत झिनमन पुढं आहे आणि ते कबूल करायला हवं. त्याच्या चित्रपटात एक प्रसंग आहे. स्टेशनात आगगाडी थांबलीय, आत नीटनेटक्या कपड्यातली बाई तोंडाला पावडर लावतेय, बाहेरून धुळीनं माखलेली आयडा तिच्याकडं बघतेय. संवाद नाही. दोघींची नजरानजर होते, गाडी निघून जाते. चालत्या घरातल्या बाईला काय हवं होतं, ते सगळं त्या अर्ध्या मिनिटात आहे. 'ख्वाडा'त बाप आहे, लग्नाला आलेला मुलगा बाळू आहे, जमीन आहे, मेंढरं आहेत. घोड्यावर लेकरं बांधून पुढं जाणारी जी बायकांची वाट आम्ही मघाशी सांगितली, त्या वाटेनं कथा जात नाही. ती पुरुषांबरोबर, मेंढरांमागं चालते.

मग मराठीत त्या दुसऱ्या वाटेनं कुणी गेलंच नाही का? गेलं. लक्ष्मण माने यांचं 'उपरा', १९८०, 'ग्रंथाली'चं प्रकाशन, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार. कैकाडी कुटुंब, गाढवांवर बिऱ्हाड, गावोगाव टोपल्या विणत जाणं. आणि सांगणारा कोण? त्या बिऱ्हाडातला पोरगा. आमच्या अहिराणीत म्हणाल तर आंडोर. 'उपरा'वर किती लिहिलं गेलं! जातव्यवस्था, जातपंचायत, बोलीभाषा, विद्रोह. सगळं योग्यच. पण या पुस्तकात वाटा आहेत, मुक्काम आहेत, रात्री आहेत, भूक कोणत्या गावात लागली आणि भाकर कोणत्या गावात मिळाली याचा हिशेब आहे, हे एक प्रवासवर्णन म्हणून किती घट्ट बांधलेलं आहे, असं म्हणणारा टीकाकार आम्हाला क्वचित भेटला. युरोपला जाऊन आलेल्यांच्या पुस्तकांची शैली आपण बारकाईनं तपासतो, विनोद कुठं साधला, निरीक्षण कुठं फसलं. 'उपरा'ला मात्र आपण दस्तऐवज म्हणून हात जोडतो. हात जोडणं ही सुद्धा न वाचण्याचीच एक तऱ्हा आहे, जरा सभ्य इतकंच.

'उपरा'तली शाळा घ्या. लेकरू शाळेत रुळतं न रुळतं तोच बिऱ्हाड उठतं. मुक्काम म्हणजे शाळा, प्रवास म्हणजे शाळेचं सुटणं. कॅराव्हॅनच्या सफरीत नेमकं उलटं. तिथं प्रवास हीच शाळा, असं आईबाप अभिमानानं सांगतात, आणि सांगू शकतात, कारण परतल्यावर वर्ग जागेवर असतो. शिवाय त्या देशानं १९५१ सालीच ॲलिस स्प्रिंग्जहून रेडिओवर शाळा सुरू केली होती, दूर रानातल्या गुरांच्या वाड्यांवरच्या मुलांसाठी. मूल शाळेपासून लांब आहे ना, मग शाळेनं जायचं, असा तो विचार. आपल्याकडंही साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, काही ठिकाणी चालली, काही ठिकाणी कागदावर.

यान ब्रेमन या डच अभ्यासकानं सत्तरच्या दशकात बारडोलीच्या साखर कारखान्यांवर काम केलं. तिथं ऊस तोडायला जाणारी माणसं आपलीच, खानदेशातली. मजुरांच्या टोळीत माणसं मोजत नाहीत, 'कोयते' मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा, बायको आणि बहुतेक वेळा हाताशी एक मूल. त्या मोजणीत मुलाचं वेगळं नाव नाही. आम्ही सांगतोय ते साहित्याच्या मोजणीबद्दलही असंच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी येताना एक काम करून या. 'उपरा'ची पहिली पन्नास पानं वाचा आणि शेजारी जिल्ह्याचा नकाशा ठेवा. जी गावं येतील त्यांवर खूण करा, मुक्काम कुठं पडला, गाढव कुठं अडलं, शाळा कुठं सुटली. मग त्या रेघेची लांबी मोजा आणि ती चालणाऱ्या पोराचं वय बाजूला लिहा. चर्चा आपण तिथून सुरू करू.